वाकडी गल्ली आणि ओल्ड मॅप्स ऑनलाइन: सहा महिने वापरून झाल्यावरचं मत

हा रिव्ह्यू ओल्ड मॅप्स ऑनलाइन या साईटचा आहे, पण एकट्या तिच्याबद्दल लिहून भागणार नाही, कारण तिच्या जोडीला मी अजून तीनचार फुकट गोष्टी वापरल्या आणि त्या एकमेकींशिवाय अर्धवट आहेत. आधी हे सगळं कशामुळे सुरू झालं ते सांगते, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही.

मी चालायला जाते तेव्हा मुद्दाम नेहमीचा रस्ता सोडते, आणि अशीच एकदा एका अनोळखी वस्तीत शिरले जिथे सगळ्या गल्ल्या अगदी सरळ, एकमेकींना काटकोनात, फूटपट्टीने आखल्यासारख्या, आणि मधूनच एक गल्ली या सगळ्यांना तिरकी कापत धनुष्यासारखी हळूहळू वळत जाते. तिच्या कडेची घरंही तशीच, एकाची मागची भिंत तिरकी, दुसऱ्याचा कोपरा कापलेला, एक प्लॉट तर सरळ सरळ त्रिकोणी. कागदावर नवी वस्ती आखणारा माणूस स्वतःहून असं करत नाही, म्हणजे ती वाकडी रेघ आधी होती आणि वस्ती तिच्याभोवती नंतर बसवली गेली, एवढं तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं. घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

जमीन अशा गोष्टी खूप काळ धरून ठेवते. रोममधला पियात्सा नावोना हा चौक लांबट आणि एका टोकाला गोल आहे, कारण तो डोमिशियन बादशहाच्या पहिल्या शतकातल्या स्टेडियमच्या जागेवर आहे, स्टेडियम गेलं पण आकार राहिला. लुक्का गावात तर रोमन अँफिथिएटरच्या भिंतींना टेकून घरं बांधली गेली, त्यामुळे तिथला चौक आजही लंबगोल आहे. हे वाचून माहीत होतं, पण साध्या राहत्या वस्तीतसुद्धा तसं काही असेल असं कधी वाटलं नव्हतं.

माझा पहिला अंदाज होता ओढा. शहरांनी ओढे आणि नद्या गाडून टाकायची उदाहरणं भरपूर आहेत, लंडनची फ्लीट नदी फॅरिंग्डन रोडच्या खालून जाते, मॉस्कोची नेग्लिन्नाया एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बोगद्यात आहे. तेव्हा मी आठवडाभर माझ्या गल्लीला गाडलेला ओढा समजूनच शोधत होते, आणि त्यात बराच वेळ गेला. मग एका पावसात पुन्हा तिथे गेले आणि बघितलं की पाणी गल्लीतून वाहत नाही, ते गल्लीला आडवं ओलांडून पलीकडे जातं. ओढा नेहमी सगळ्यात खोलगट जागेतून जातो ना, आणि ही गल्ली तर उताराला आडवी, जवळजवळ एकाच पातळीवर चाललेली. म्हणून ज्यांना हा नाद लागलाय त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की साईट उघडायच्या आधी एकदा पावसात जाऊन या.

आता साईट. ओल्ड मॅप्स ऑनलाइन २०१२ साली सुरू झाली, पोर्ट्समथ युनिव्हर्सिटीतला ग्रेट ब्रिटन हिस्टॉरिकल जीआयएस प्रोजेक्ट आणि स्वित्झर्लंडची क्लोकान टेक्नॉलॉजीज यांनी मिळून ती उभी केली. मुळात हे शोधयंत्र आहे, म्हणजे जगभरच्या लायब्रऱ्यांनी स्कॅन करून ठेवलेले नकाशे कुठला भाग दाखवतात याची नोंद इथे आहे, तुम्ही आजच्या नकाशावर तुमची जागा स्क्रीनवर आणायची, बाजूला यादी येते, एकावर क्लिक केलं की तो नकाशा ज्या लायब्ररीचा आहे तिथपर्यंत पोचता. आधी मी एकेका लायब्ररीचा कॅटलॉग वेगवेगळा चाळत होते आणि प्रत्येक ठिकाणी गावाच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, त्यामुळे निम्मे नकाशे तर सापडायचेच नाहीत. इथे नाव लागतच नाही, जागा लागते. हा फरक वापरल्याशिवाय कळत नाही.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली म्हणून ठळक सांगते. यादीत वर काय येणार हे तुमच्या खिडकीच्या आकारावर ठरतं, ज्या नकाशाची व्याप्ती तुमच्या स्क्रीनवरच्या भागाशी जास्त जुळते तो वर येतो. मी सुरुवातीला पूर्ण शहर स्क्रीनवर ठेवून शोधत होते, तेव्हा पूर्ण शहराचे नकाशे यायचे ज्यात माझी गल्ली म्हणजे केसाएवढी रेघ. वस्तीपुरतं झूम करून परत शोधल्यावर मोठ्या स्केलची शीट्स वर आली. मग काळाच्या पट्टीवरून साल आवळत जायचं.

स्केलबद्दल थोडं थांबते कारण यात नवीन माणूस हमखास फसतो. मैलाला सहा इंच, म्हणजे १:१०५६० चा नकाशा असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर साडेदहा मीटर होतो, घरं दिसतात पण ठोकळे म्हणून. १:२५०० वर तोच मिलिमीटर अडीच मीटरचा, तिथे एकेक आवार, एकेक शेड वेगळी दिसते. गल्लीचा इतिहास शोधायचा तर दुसरा हवा. नकाशा कितीही देखणा असला तरी आधी स्केल बघा, नंतर रंग.

नकाशा मिळाला की तो आजच्या नकाशावर टाकून बघायचा असतो, आणि यात स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीची नकाशांची साईट मला सगळ्यात आवडली. तिथे जुनं शीट आजच्या सॅटेलाइट चित्रावर बसवलेलं असतं आणि एक स्लायडर असतो, तो सरकवला की जुना नकाशा हळूहळू पारदर्शक होत जातो आणि खालून आजची छपरं वर येतात. शिवाय दोन नकाशे शेजारी ठेवून बघायची सोय आहे, एकावर कर्सर फिरवला की दुसऱ्यावर तीच जागा दिसते. त्यांचा भर ब्रिटनवर आहे हे उघड आहे, ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशे करणाऱ्या संस्थेची शीट्स तिथे ज्या प्रमाणात आहेत तेवढी दुसरीकडे बघायला मिळत नाहीत, पण तुमची वस्ती ब्रिटनमध्ये नसली तरी एकदा तो स्लायडर फिरवून बघा, म्हणजे आपल्याला काय करायचंय हे कळतं.

माझ्या वस्तीचं शीट असं आयतं बसवलेलं नव्हतं, म्हणून ते मला स्वतः बसवावं लागलं. याला जिओरेफरन्सिंग म्हणतात, जुन्या नकाशावरचा एक बिंदू आणि आजच्या नकाशावरचा तोच बिंदू अशा जोड्या द्यायच्या, बाकी गणित सॉफ्टवेअर करतं. क्यूजीआयएस हे नकाशांवर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि भक्कम आहे, पण नुसतं हेच काम करायचं असेल तर ब्राउझरमधलं ऑलमॅप्स जास्त सोपं, लायब्ररीने नकाशा ट्रिपल आयएफ (IIIF) या, चित्रं थेट दुसऱ्या साईटवर उघडू देणाऱ्या पद्धतीने ठेवला असेल तर डाउनलोडही करावा लागत नाही. माझी चूक सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. मी सगळे बिंदू ओळखीच्या एकाच कोपऱ्यात दिले कारण तिथले चौक पटकन ओळखू येत होते, तो कोपरा छान बसला आणि माझी गल्ली, जी दुसऱ्या टोकाला होती, ती घरांच्या डोक्यावरून जायला लागली. बिंदू चारी बाजूंना पसरवून द्यायला पाहिजेत, आणि न हलणाऱ्या गोष्टी निवडायच्या, जुना पूल, मोठ्या दगडी इमारतीचा कोपरा, दोन जुन्या रस्त्यांचा छेद. नदीचा काठ घेऊ नका. नकाशा बसवायचं नेहमीचं गणित म्हणजे पॉलिनोमियल, त्याच्या साध्या पहिल्या पायरीला किमान तीन बिंदू लागतात, दुसरीला सहा, तिसरीला दहा, पण किमान म्हणजे पुरेसे नाहीत, मी चौदा दिले. आणि थिन प्लेट स्प्लाइन ही नकाशा रबरासारखा ताणणारी पद्धत वापरली की चूक शून्य दिसते म्हणून खूश होऊ नका, ती पद्धत दिलेल्या प्रत्येक बिंदूतून नकाशा ओढूनच नेते, बिंदू चुकीचा दिला असला तरी, त्यामुळे चूक दिसतच नाही, ती नकाशात मुरते.

तर असं करून शीट बसलं, स्लायडर अर्ध्यावर आणला, आणि गल्लीच्या बरोबर अंगावर आडव्या काड्या असलेली बारीक रेघ. रेल्वेचा फाटा. मुख्य लाइनीपासून सुटलेलं सायडिंग, वळत वळत एका मोठ्या आवाराच्या आत शिरलेलं. मी रात्री उशिरा एकटीच स्क्रीनसमोर बसले होते आणि मला खरंच उठून उभं राहावंसं वाटलं. सगळं एका क्षणात जुळलं, रेल्वेला काटकोनात वळता येत नाही म्हणून ती धनुष्यासारखी रेघ, इंजिनाला चढ नको म्हणून उताराला आडवी आणि एका पातळीवर, आणि रूळ उखडले तरी रेल्वेच्या जागेची हद्द कागदोपत्री तशीच राहते म्हणून दोन्ही बाजूंची घरं तिरकी कापलेली.

इथे थांबले असते तरी चाललं असतं, पण रूळ कधी गेले हा प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर नकाशा नीट देत नाही. नकाशावर छापलेलं साल हे छापल्याचं साल असतं, मोजणी त्याच्या कितीतरी आधीची असू शकते, आणि दुरुस्त आवृत्तीतही सगळं दुरुस्त केलेलं असेलच असं नाही, कधी फक्त रेल्वे आणि मोठे रस्ते नवीन घालायचे आणि घरं जुन्या मोजणीचीच ठेवायची. अमेरिकेतले सॅनबर्न कंपनीचे विम्याचे नकाशे तर याबाबतीत बघण्यासारखे आहेत. डी. ए. सॅनबर्न यांनी १८६७ मध्ये ती कंपनी काढली, आगीचा विमा उतरवणाऱ्यांना इमारत कशाची आहे हे कळावं म्हणून विटांची इमारत गुलाबी आणि लाकडाची पिवळी रंगवायचे, आणि काही बदललं की त्या जागेवर नवीन कागदाचा तुकडा चिकटवायचे, म्हणजे एकाच शीटवर वेगवेगळ्या वर्षांची घरं शेजारी शेजारी. लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे यांची सुमारे सात लाख शीट्स आहेत आणि बरीचशी ऑनलाइन बघता येतात. म्हणून समासातलं आणि तळाचं बारीक अक्षर आधी वाचा, सर्वेक्षण कधी, दुरुस्ती कधी, छपाई कधी. आणि नकाशावर रस्ता आहे म्हणजे तो झाला असं धरू नका, नुसते ठरवलेले रस्तेही पुष्कळदा छापले जायचे.

सालासाठी मी आकाशातून काढलेल्या फोटोंकडे गेले. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघायची सोय २००९ मध्ये आली, घड्याळाच्या चिन्हावर क्लिक करून मागे जायचं. उत्तम आहे, पण एकेक घर ओळखू येतील अशी चित्रं बहुतेक ठिकाणी २००० च्या आसपासपासूनच मिळतात, कारण एक मीटर बारकावा देणारा पहिला व्यावसायिक उपग्रह, इकोनॉस, सप्टेंबर १९९९ मध्ये अवकाशात गेला. लंडनसारख्या काही शहरांसाठी १९४५ चे विमानातून घेतलेले फोटोसुद्धा घातलेत, पण तो नशिबाचा भाग. माझ्या वस्तीत २००० च्या सुमाराच्या चित्रातही रूळ नव्हते, म्हणजे त्याआधीचं काहीतरी हवं होतं.

आणि तिथे कोरोना मिळालं, आजार नव्हे, अमेरिकेचे १९६० ते १९७२ या काळातले हेर उपग्रह. त्यात फिल्म असायची आणि ती डब्यात घालून खाली सोडायचे, पॅराशूटने उतरणारा तो डबा विमानाने हवेतल्या हवेत पकडायचे, पहिल्यांदा हे जमलं १९ ऑगस्ट १९६० ला. १९९५ मध्ये हे फोटो जनतेसाठी खुले करायचा आदेश निघाला, आठ लाख साठ हजारांच्या वर फोटो, आणि ते यूएसजीएस या अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्सप्लोरर साईटवर शोधता येतात. शेवटच्या काळातल्या कॅमेऱ्यांचा बारकावा जवळपास दोन मीटरपर्यंत आला होता. विचार करा, क्षेपणास्त्रांचे तळ शोधायला काढलेल्या फोटोच्या कडेला कुणाच्या तरी राहत्या वस्तीची ५०-६० वर्षांपूर्वीची छपरं आलीत आणि ती आपण फुकट बघू शकतो. ढग असतील तर गेलं, कडेला चित्र ओढल्यासारखं ताणलेलं असतं, सगळ्या जगाचे फोटो सारखे नाहीत, सोव्हिएत युनियन आणि चीनवर जास्त रोख होता. आणि सगळ्या फ्रेम्स स्कॅन झालेल्या नाहीत, पण कुणी एकाने पैसे भरून स्कॅन करून घेतली की ती सगळ्यांसाठी खुली होते. मला वापरायला मिळालेली फ्रेम अशीच कुणीतरी आधी करून घेतलेली होती, त्या अनोळखी माणसाचे मनापासून आभार. त्यात फाट्याची फिकट वळलेली रेघ अजून आहे, आवारातली मोठी छपरं आहेत, आणि आज जिथे सरळ गल्ल्या आहेत तिथे फक्त शेतं. म्हणजे वस्ती फाट्यानंतरची, हा माझा पहिल्या दिवसाचा अंदाज बरोबर निघाला.

अर्थ एक्सप्लोररची मांडणी मात्र सामान्य माणसासाठी नाही, डेटासेट निवडताना डीक्लासिफाइड नावाच्या गटात जायचं असतं हे कुणी सांगितल्याशिवाय सापडत नाही. म्हणून सांगून ठेवते.

आवार कशाचं होतं हे समजायला छापील मजकूर लागतो. त्यासाठी इंटरनेट आर्काइव्ह, १९९६ मध्ये ब्रूस्टर काहल यांनी सुरू केलेलं. तिथे शोधताना साधा शोध पुस्तकाच्या नावात आणि माहितीतच शोधतो, मजकुराच्या आत शोधायचा पर्याय वेगळा निवडावा लागतो, माझा पहिला महिना यातच वाया गेला. जुन्या डिरेक्टऱ्या ही खरी खाण आहे. काही डिरेक्टऱ्या रस्त्यावार असतात, एका बाजूची घरं क्रमाने, प्रत्येकासमोर माणसाचं नाव आणि धंदा, आणि मध्येच लिहिलेलं की इथे अमुक रस्ता येऊन मिळतो, म्हणजे वाचणारा त्या रस्त्याने चालतच जातो. मशीनने वाचलेल्या मजकुरात चुका असतात त्यामुळे तुमच्या रस्त्याचं नाव सापडलं नाही तर शेजारच्या रस्त्याचं शोधा, एखादं विचित्र आडनाव शोधा, आणि मग पानं हाताने उलटा. मला माझं आवार असंच सापडलं, तीन आवृत्त्यांमध्ये लाकडाची वखार आणि चौथ्या आवृत्तीत त्याच पत्त्यावर गोदाम. एवढ्यासाठी तीन संध्याकाळी गेल्या आणि त्या कारणी लागल्या असं मला वाटतं.

पैसे भरून वापरायची जुन्या वर्तमानपत्रांची एक साईटही घेतली होती, नाव घेत नाही. तिथे माझ्या भागाची वर्तमानपत्रं फार थोडी निघाली आणि हे पैसे भरायच्या आधी कुठे दिसत नव्हतं. पैसे भरण्याआधी कुठल्या वर्तमानपत्राची कुठली वर्षं आहेत याची यादी मागून घ्या, आणि शहरातल्या सार्वजनिक लायब्ररीत तीच साईट वाचकांना फुकट आहे का हे विचारा, बऱ्याच लायब्रऱ्या अशी वर्गणी भरतात.

लंडनला राहणाऱ्यांचा मात्र मला हेवा वाटतो. चार्ल्स बूथ यांनी १८९८-९९ मध्ये केलेल्या गरिबीच्या नकाशात रस्ते सात रंगांत आहेत, काळा म्हणजे सगळ्यात हलाखीचे आणि पिवळा म्हणजे सगळ्यात श्रीमंत, आणि ते रंग ठरवायला त्यांची माणसं पोलिसांबरोबर गल्लीगल्लीतून चालत गेली होती. त्यांच्या वह्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने साईटवर ठेवल्यात. नकाशा कसा तयार झाला हे त्याच रस्त्यावरून चालत वाचता येणं, यापेक्षा चांगलं काय असणार.

आता मत. ओल्ड मॅप्स ऑनलाइनला पाचपैकी साडेचार, अर्धा कमी कारण शेवटी कुठल्या लायब्ररीने काय स्कॅन केलंय यावरच सगळं आहे, काही भागांवर शेकडो नकाशे आणि काहींवर चारच. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या स्लायडरला पाच. ऑलमॅप्सला साडेचार. कोरोनाच्या फोटोंना पाच पण शोधायच्या सोयीला तीन. इंटरनेट आर्काइव्हला पाच, डोळे झाकून. मोबाइलवर करायचं म्हणाल तर नुसतं बघायला ठीक, बिंदू द्यायला मोठा स्क्रीनच हवा.

आणि एक काम या कुठल्याच साईटवर होत नाही. बसवलेल्या शीटचा मी मोठा प्रिंट काढला, वर आजच्या गल्ल्या लाल पेनाने, आणि तो घेऊन परत तिथे गेले. त्रिकोणी प्लॉटच्या घरासमोर उभी राहून कागद फिरवत होते तर आतून एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले, काय शोधताय म्हणाले. मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा चढवला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की लहानपणी आम्ही डबे मोजायचो, सहा यायचे, कधी सात. मी वखारीचं फाटक जिथे धरलं होतं तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि मान हलवली. "इथे नाही, इथे," म्हणून बोट अर्धा इंच खाली सरकवलं, आणि मग हाताला धरून गल्लीच्या तोंडाशी नेलं. तिथे दोन जाड खांब आहेत, मी पहिल्या दिवसापासून त्यांच्यामधूनच आत जात होते. डावीकडच्याला बिजागरीचे दोन लोखंडी आकडे अजून आहेत. मी पेन्सिलीने कागदावर खूण केली आणि त्यांनी शेजारी स्वतःच्या हाताने लिहिलं, फाटक.